गुण्यामामांचं पहिलं वाकडं दार

सुताराच्या पेटीत गुण्या नावाचं एक हत्यार असतं. काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या, बाकी काही नाही. लाकडाच्या कोपऱ्याला लावला की कोपरा खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळतं. इतर सुतार काम झालं की तो पेटीत टाकतात. आपल्या मामांनी मात्र पन्नास वर्षं तो कमरेच्या पट्ट्यात मागे खोचला, आणि काढला तो फक्त जेवायला बसताना, तोही टोचतो म्हणून. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना गुण्यामामा म्हणे. खरं नाव काय, ते पोस्टमनला ठाऊक होतं.

वाकडं दिसलं की मामांच्या पोटात दुखायचं. बोलायची रीत म्हणून नव्हे, खरोखर दुखायचं. एकदा त्याच दुखण्यासाठी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "आडवे पडा." मामा पडले, तर समोरच्या भिंतीवर सांगाड्याचं चित्र, अर्धं बोट उजवीकडे उतरलेलं. डॉक्टर हात धुऊन येतात तो पेशंट स्टुलावर उभा आणि तोंडात खिळा! चित्र सरळ झालं आणि पोट दुखायचंही थांबलं. पुढे डॉक्टर सांगत, औषध न घेता आणि भिंतीला भोक पाडून बरा झालेला हा एकच माणूस त्यांच्या पाहण्यात होता.

मामींचं तर त्याहून नवल. लग्नाचं बोलणं करायला घरचे सगळे बसलेले, आणि मामांचं मामींशी पहिलं वाक्य काय? "जरा उठता का? तुमच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे." मामी उठल्या. मामांनी खुर्ची उलटी केली आणि उरलेले तीन पाय तासून सारखे केले. तासता तासता एक जास्त तासला गेला, म्हणून परत बाकीचे. संध्याकाळपर्यंत खुर्चीचं स्टूल झालं होतं, पण डुगडुगत नव्हतं. मामी म्हणायच्या, "हा माणूस माझ्यासाठी आला होता, आणि पसंत खुर्ची करून गेला."

अशा या माणसाच्या गुण्याला साऱ्या जगात एकच जागा पुरून उरली होती, आणि ती नेमकी सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरी.

आक्काचे यजमान गवंडी. मामा त्यांना दाजी म्हणत. दाजींनी ते घर स्वतःच्या हातांनी बांधलं. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती चढवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या. पुढच्या दाराची चौकट बसवली तेव्हा मसाला ओला असतानाच ते चहाला आत गेले, आणि चहाबरोबर गप्पा आल्या. बाहेर येऊन बघतात तो चौकटीची उजवी बाजू आणखी उजवीकडे झुकलेली. खाली ठीक, पण वर जाईपर्यंत चांगली तीन बोटं कलती, आणि वरचं आडवं लाकूड तिच्यामागे चढ चढलेलं. दाजींनी पंजा लावून भिंतीला रेटलं. चौकट काही हलली नाही. ओल्या गिलाव्यात पंजा तेवढा उमटला, तोही तिरका.

दुसऱ्या दिवशी मामा दाराचं माप घ्यायला आले.

"दाजी, चौकट तिरकी आहे."

"चौकट सरळ आहे. तू मान सरळ कर."

मामांनी गुण्या काढून कोपऱ्याला लावला. फटीतून पलीकडचा रस्ता दिसला. दाजींनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "तुझा गुण्या वाकडा झालाय रे."

मामा तीन आठवडे त्या घरचा चहा प्याले नाहीत. चौथ्या आठवड्यात दार घेऊन आले. चारही कोपरे काटकोनात, एक केसभरही इकडेतिकडे नाही. ते बसवलं तेव्हा डावी बाजू चपखल बसली, आणि उजवीकडे वरच्या अंगाला तीन बोटांची फट राहिली.

"चूक चौकटीची आहे," मामा म्हणाले. "दार तिच्यापुढे मान वाकवणार नाही."

दाजी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. दार बसवता येईना चौकट वाकडी, हे आज डोळ्यांनी बघितलं."

मग त्यांनी फटाफट आपला जुना स्वेटर काढला, त्याची एक बाही कापली आणि फटीत कोंबली. ती बाही तिथे तीस वर्षं राहिली. थंडी फार पडली की दुसरीही कोंबत. उंच पोस्टमन असला की बाही जरा सरकवून पत्र त्या फटीतून आत टाके. एका वर्षी चिमणीने तिथे संसार मांडला, तर पिल्लं उडेपर्यंत घरातली माणसं मागच्या दाराने ये-जा करत होती. मेव्हण्या-मेव्हण्यांचं भांडणही सव्वीस वर्षं टिकलं, बाहीइतकंच उबदार. मग चार वर्षांपूर्वी दाजी गेले. भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून मामा त्या दाराकडे बघायचेच टाळू लागले.

पण दार काही थांबलं नाही. खालची फळी कुजली. दार लावलं तर उघडेना, आणि उघडलं तर लागेना. वारा थेट आत शिरून आक्काचे गुडघे धरू लागला. आक्काचा मुलगा, म्हणजे मामांचा भाचा, दुसऱ्या शहरात एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर राहत होता. त्याने एका दुकानातून तयार दार पाठवलं. दुकानाचा माणूस आला, त्याने टेप लावली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काकू, आमचं दार स्टँडर्ड आहे. तुमचं घर स्टँडर्ड नाही. चौकट फोडून नवी बसवा."

"चौकटीला छिन्नी लागली की तो पंजाही जाणार ना?"

"कसला पंजा?"

"तू जा," आक्का म्हणाली. "दारही घेऊन जा."

घराबाहेर पडताना आणि आत येताना त्या पंजावर हात ठेवायची तिला सवय होती. पण हे दुकानाच्या माणसाला कोण सांगणार?

त्याच दिवशी भाच्याचा फोन आला. "आई, आता माझं ऐक. येत्या रविवारी बाराला मी टेम्पो घेऊन येतो. दार नीट लागत असलं, फट नसली, तर टेम्पो रिकामा परत नेईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर तू आणि तुझं कपाट, दोघांनी मुकाट्याने माझ्याकडे यायचं. कबूल?"

"कबूल," आक्का म्हणाली, आणि फोन ठेवून तिने तडक मामांचा कारखाना गाठला. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. मामा एका पेटीला रंधा मारत होते.

"बाबू, मला वाकडं दार करून दे."

रंधा जागच्या जागी थांबला. "काय म्हणालीस?"

"वाकडं दार. चौकट जशी आहे तसं. रविवारच्या आत."

"अगं आक्का, पन्नास वर्षांत माझ्या हातून डब्याचं झाकणसुद्धा वाकडं गेलं नाही!"

"म्हणूनच तर तीस वर्षं माझ्या गुडघ्यांत वारा शिरला. तुझं तत्त्व सरळ राहिलं आणि मी वाकडी झाले. तिथे सातव्या मजल्यावर दार उघडलं की समोर काय दिसतं माहितेय? दुसरं दार. मला नाही जायचं तिथे. बोल, करतोस की मी भुसा डोक्यावर ओतून घेऊ?"

मामांनी रंधा खाली ठेवला. त्या दुपारी ते एकदाच जेवले. एरवी दोनदा जेवत.

मंगळवारी ते माप घ्यायला गेले. असल्या चौकटीचं माप टेपने घ्यायला गेलं तर आकड्यांची वही भरली असती, म्हणून शेजारच्या नव्या फ्रिजचं भलंमोठं खोकं उलगडून नेलं. पुठ्ठा चौकटीला लावायचा, पेन्सिलीने कड ओढायची आणि कापायचा. साधी गोष्ट. पण रस्त्यापलीकडे समोरच टेलरमास्तरांचं दुकान होतं. मास्तरांच्या दुकानाची पाटी वाकडी आहे हे मामांनी त्यांना गेली अठरा वर्षं, भेटेल तेव्हा, न चुकता सांगितलं होतं. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत वाकडं माप घेण्यापेक्षा मामांनी घरात उभं राहून, आतून पुठ्ठा लावला. छापील बाजू रस्त्याकडे, कोरी बाजू स्वतःकडे, म्हणजे पेन्सिल नीट उठते. शिवाय पुठ्ठा लावल्याबरोबर मास्तर दिसेनासे झाले, हा वरचा फायदा.

आवाज मात्र आला. "मामा, सरळ उभे आहात ना?"

"तुझ्या पाटीपेक्षा!"

बुधवारी मामांनी फळ्या जोडल्या आणि पेन्सिलीची बाजू वर करून पुठ्ठा त्यांवर ठेवला. मामी चहा घेऊन आल्या. त्यांनी वाकून पुठ्ठ्याची कड उचलली आणि खाली डोकावून पाहिलं.

"अहो, या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'ही बाजू वर'. आणि ती तर खाली आहे."

"ते फ्रिजसाठी असतं. मी काय फ्रिज करतोय?"

"मला काय करायचंय," मामी म्हणाल्या. "वाचता येतं म्हणून वाचलं."

करवत हातात घेण्याआधी मामांनी कमरेचा गुण्या काढला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि पेटीत तळाशी ठेवून झाकण लावलं. वडीलधाऱ्यांच्या समोर करू नये असं काही करायला निघालेल्या माणसासारखे त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मग श्वास रोखून पन्नास वर्षांतला पहिला तिरका काप घेतला. पोटात एक कळ आली. दुसरा काप घेतला, तशी कळ जरा कमी झाली. तिसऱ्याला मामा गुणगुणत होते.

आता वाकड्यात शिरलोच आहोत तर पुरतं शिरावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांच्या आईची एक लाकडी पेटी होती. तिच्या झाकणावर कोरलेली वेल होती. लहानपणी आक्का आणि ते त्या वेलीवरून बोट फिरवत, बोट आधी शेवटच्या पानापर्यंत कुणाचं पोचतं याची शर्यत लावत. आक्का प्रत्येक वेळी जिंकायची, कारण ती मधली दोन पानं गाळायची. मामांनी तीच वेल आठवून आठवून दाराच्या दर्शनी बाजूवर कोरली. तीस वर्षांच्या फटीचा दंड, दुसरं काय! गुरुवार आणि शुक्रवार त्यातच गेले, शनिवारी पॉलिश झालं. मामी हातातलं काम टाकून बघायला आल्या आणि काही बोलल्या नाहीत. मामी काही बोलल्या नाहीत म्हणजे काम उत्तम, हे मामांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी नऊला दार हातगाडीवरून आक्काच्या घरासमोर आलं, वेल वर करून. येणारे-जाणारे थांबून बघत होते. आक्का उंबऱ्यात उभी राहून, मानेला झोके देत, वेल आईच्याच पेटीची आहे का ते लांबूनच जोखत होती. जुनं दार उतरवलं. स्वेटरची बाही खाली पडली, ती आक्काने उचलून झटकली आणि खांद्यावर टाकली. मग दोन हमालांनी नवं दार उचललं, वेल रस्त्याकडे केली आणि दार चौकटीत नेलं.

नेलं म्हणजे न्यायला गेले. डावीकडचा वरचा कोपरा चौकटीत शिरेना. उजवीकडे मात्र आख्खा हात जाईल एवढी फट. पूर्वी निदान तीन बोटं होती!

हमालांनी दार खाली घेतलं आणि परत लावलं. तेच. मामांनी मागे सरून पाहिलं, पुढे येऊन पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. चौकट उजवीकडे कलली होती आणि दार डावीकडे. दोघं एकमेकांशी अबोला धरल्यासारखी दोन दिशांना तोंडं करून उभी.

पोटात कळ आली. यावेळी ती काही थांबेना. मामा पायरीवर बसले.

"हे कसं झालं?" ते पुटपुटले. "पुठ्ठा तर चौकटीला बरोबर बसला होता."

गळ्यात टेप लटकलेले टेलरमास्तर रस्ता ओलांडून आले. त्यांनी दाराकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की अठरा वर्षांची पाटी एका क्षणात वसूल झाली.

"मामा, कापड उलटं ठेवून कापलंत."

"काय?"

"माझ्याकडे नवशिके करतात. मग शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच होतात. तुम्ही माप आतून घेतलंत. आतली उजवी बाजू ती रस्त्यावरून डावी. मंगळवारी पुठ्ठ्यावरची ती छापील अक्षरं माझ्याकडे तोंड करून होती, दुकानातून वाचली मी, 'ही बाजू वर'. फळीवर ठेवताना ती बाजू वर ठेवली होती का?"

हातगाडीच्या मागून मामींचा आवाज आला. "मी काहीही बोलणार नाही. मला फक्त वाचता येतं."

"मग आता?" आक्काने विचारलं. साडेनऊ वाजून गेले होते.

"आता काय, फिरवा की!" मास्तर म्हणाले. "पाठ पुढे करा, बसेल."

हमालांनी दार फिरवून चौकटीत ठेवलं. आणि काय सांगावं! दार असं आत गेलं की जणू पेटीत पेटी. वर फट नाही, बाजूला फट नाही, मामांनी ओढलेली एकेक रेघ चौकटीने झेलली. फक्त वेल घरात गेली आणि रस्त्याकडे आली पाठ. आडव्या पट्ट्या, गाठी, खिळ्यांची टोकं.

"अस्तर बाहेर आलं एवढंच," मास्तर म्हणाले.

मामा ताडकन उठले. "नाही! पाठ रस्त्याला करून दार लावायचं? या गल्लीत? माझ्या हातचं? आक्का, मला आठ दिवस दे, दुसरं करतो."

"तुझ्याकडे आठ दिवस आहेत रे. माझ्याकडे अडीच तास आहेत."

"पण दर्शनी बाजू..."

"दर्शनी बाजू कुणासाठी असते?" आक्काने कमरेवर हात ठेवला. "या मास्तरसाठी? पोस्टमनसाठी? तीस वर्षं रस्त्याने माझ्या दाराचं तोंड पाहिलं आणि मी आत बसून त्याची पाठ पाहिली. खिळेसुद्धा मोजले मी, एकवीस आहेत, त्यातले दोन गंजलेले. आता रस्त्याला बघू दे पाठ. वेल माझ्या खुर्चीसमोर राहू दे. आणि बाबू, नीट ऐक. चौकट वाकडी म्हणून तू एकदा माझं दार तत्त्वासाठी केलंस. हे माझ्यासाठी लाव."

मामांनी दाराच्या पाठीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या त्या तिरक्या पंजाकडे. दाजी असते तर काय म्हणाले असते, ते त्यांना शब्दासकट ऐकू आलं. बिजागऱ्यांच्या खाचा जागेवरच घ्यायच्या, ही मामांची जुनी सवय. ती आज कामी आली, कारण दार कुठल्याही अंगाने लावायला मोकळं होतं. त्यांनी पेटी उघडली, फडक्यातला गुण्या बाजूला सारला आणि पटाशी उचलली.

पावणेबाराला शेवटचा स्क्रू गेला. बाराला टेम्पो आला. भाचा खाली उतरला, सोबत दोऱ्या आणि खोकी. दार पाहून तो थबकला.

"मामा, हे दार उलटं आहे का?"

हमाल आभाळाकडे बघू लागले. मास्तरांनी, देव त्यांचं भलं करो, एवढंच म्हटलं, "नवी फॅशन आहे. आम्ही कोटाला करतो कधी कधी."

"तू फटीचं बघ," आक्का दारातून म्हणाली. "बोलणं फटीचं झालं होतं."

भाच्याने दार ओढून घेतलं. आवाज आला नाही. खिशातून कागद काढून कडेला सरकवून पाहिला. वर शिरेना, बाजूला शिरेना, खालीही शिरेना. मग एका बोटाने ढकललं, तर दार उघडलं. तो आत गेला आणि वळून पाहतो तर दाराच्या आतल्या अंगाला वेल. तो तिच्यासमोर उभा राहिला, आणि त्याचं बोट आपोआप पहिल्या पानावर टेकलं.

"सगळ्या पानांवरून जायचं," मामा बाहेरून ओरडले. "तुझी आई गाळते."

भाच्याने आईकडे पाहिलं, खांद्यावरच्या बाहीकडे पाहिलं, आणि दोऱ्या घेऊन निमूट बाहेर आला. "टेम्पोवाल्याला चहा तरी द्याल की तसाच पाठवू?"

"देते. आधी मला एकदा माझ्या हाताने लावू दे," आक्का म्हणाली. तिने बाहेर येऊन पंजावर हात टेकवला, आत गेली आणि दार लावलं. बाहेर पायरीवर मामा, मामी, भाचा, मास्तर, दोन हमाल आणि टेम्पोवाला.

मामांनी दाराला कान लावला. सुताराची शेवटची तपासणी आतल्या माणसानेच करायची असते.

"आक्का! कुठून उजेड येतो का?"

"नाही."

"वारा?"

"नाही."

"मग उघड की आता!"

आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी सावकाश बसलं.

"थांबा जरा," आक्का म्हणाली. "आठव्या पानापर्यंत आलेय."